कुत्र्यांची मारामारी झाल्यावर या चुका टाळा

भांडण सुटतं. आपला कुत्रा उभा आहे, शेपूटही हलवतोय, अंगावर दोन बारीक भोकं आणि रक्त नावापुरतं. 'किरकोळ आहे, आपोआप भरेल' असं म्हणून जखम सोडून देणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. सुळा आत रुतलेला असताना चावणारा कुत्रा मान झटकतो. कातडी सैल असल्याने ती दाताबरोबर सरकते आणि वर फक्त छिद्र दिसतं. आत मात्र कातडी स्नायूंपासून सुटते, स्नायू चिरडतात आणि त्या पोकळीत तोंडातले जंतू व केस शिरतात. वरचं भोक पटकन मिटतं आणि आत पू धरतो. दोन-चार दिवसांनी सूज, ताप, खाणं बंद. म्हणून दात कातडीच्या आत गेला असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

एक जखम सापडली की शोध थांबवू नका. मान, कानांमागे, काखा, जांघा, पोट असं सगळीकडे केस बाजूला करून बघा. हे करताना कितीही लाडका असला तरी तोंड तुमच्या चेहऱ्यापासून दूर ठेवा. दुखरा कुत्रा मालकालाही चावतो.

धुवायला स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा तीव्र जंतुनाशक नको, त्याने जिवंत पेशीही जळतात. सलाइन किंवा स्वच्छ कोमट पाणी पुरे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड पाच-दहा मिनिटं घट्ट दाबून धरा, मध्ये उचलून बघू नका.

आपल्या घरातली पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन कधीही देऊ नका. यकृत, मूत्रपिंड, पोट यांना त्याने गंभीर इजा होऊ शकते. उरलेली जुनी अँटिबायोटिकही नको. भूल द्यावी लागू शकते, म्हणून तपासणीआधी खायला घालू नका.

हिरड्या पांढुरक्या पडल्या, श्वास धापा टाकत चालला, छातीत किंवा पोटात भोक आहे, डोळा बाहेर आलाय, यांपैकी काहीही असेल तर धुण्यात वेळ न घालवता थेट दवाखाना गाठा. मोठ्या कुत्र्याने छोट्याला उचलून झटकलं असेल, तर वर ओरखडाही नसला तरी बरगड्या आणि फुप्फुसं तपासून घ्याच.

नंतर जखम चाटू नये म्हणून गळ्यात घातलेली शंकूसारखी कॉलर 'बिचारा अडखळतो' म्हणून काढली जाते आणि तो एका रात्रीत टाके चाटून उसवतो. डॉक्टर सांगेपर्यंत ती राहू द्या.

रेबीजची लस झालेली असली तरी चाव्यानंतर बूस्टर लागेल का, हे विचारा. समोरच्या कुत्र्याच्या लसीची नोंदही मिळवा. आणि सोडवताना तुमच्याच हाताला दात लागला असेल, तर आधी साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा, मग लगेच स्वतःसाठी डॉक्टर गाठा.