पेल्विस आधी नीट धरा: लेबर रूमचं पोस्टिंग सुरू करणाऱ्यांसाठी

व्हायवाच्या (तोंडी परीक्षेच्या) टेबलावरचा पेल्विस (कमरेच्या हाडांचा सांगाडा) उचलायला सांगितला की बरीच मुलं तो परातीसारखा आडवा धरतात, ब्रिम (आतल्या रस्त्याची वरची कड) सरळ छताकडे. त्यानंतर डायमीटरचे आकडे धडाधड बरोबर सांगितले तरी उपयोग नसतो, कारण दिशा सगळ्या चुकलेल्या असतात आणि परीक्षकाला ते लगेच दिसतं. इलियम, इस्कियम, प्युबिस, सेक्रम आणि माकडहाड ही नावं तुमची पहिल्या वर्षीच झालीत, ती इथे परत उगाळत नाही. ब्रिमच्या वरच्या फॉल्स पेल्विसचंही बाळंतपणात फारसं काम नाही. ब्रिमच्या खालचा ट्रू पेल्विस हाच रस्ता.

धरायचं कसं? हाड भिंतीपाशी न्या. पुढची दोन वरची टोकं (एएसआयएस) आणि दोन्ही प्युबिक ट्युबरकल एकाच वेळी भिंतीला टेकवा. चारही टेकले की पेल्विस उभ्या बाईच्या अंगात जसा असतो तसा आला. आता बाजूने बघा. ब्रिम जमिनीशी ५५ ते ६० अंशांचा कोन करून पुढे कललेला दिसेल. प्रोमॉन्टरी (सेक्रमची पुढे आलेली वरची कड) सिम्फिसिसच्या (पुढे दोन प्युबिस जुळतात त्या सांध्याच्या) वरच्या कडेपेक्षा बरीच उंच, साधारण ९ सेंमी वर. माकडहाडाचं टोक जवळपास सिम्फिसिसच्या वरच्या कडेच्या पातळीवर. म्हणजे ब्रिमचं तोंड वरच्यापेक्षा पुढच्या बाजूला जास्त आहे, आणि त्यातून आत जाणारी रेषा बेंबीकडून माकडहाडाकडे जाते. बाळाचं डोकं आधी खाली आणि मागे सरकतं ते यामुळेच. पुढची भिंत, म्हणजे सिम्फिसिस, जेमतेम ४-५ सेंमी. मागची सेक्रम-माकडहाडाची भिंत वळणासकट १२ सेंमीच्या आसपास. मागची भिंत लांब, पुढची आखूड, त्यामुळे इस्कियल स्पाइनच्या (दोन्ही बाजूंनी आत आलेल्या हाडांच्या टोकांच्या) पातळीनंतर रस्ता जवळजवळ काटकोनात पुढे वळतो.

खरी गल्लत यानंतर होते. पुस्तकातलं ‘खाली आणि मागे’ उभ्या बाईचं आहे. तिचं खाली म्हणजे पायांकडे, मागे म्हणजे पाठीकडे. लेबर टेबलवर ती उताणी झोपली की पाठ जमिनीकडे जाते. तुम्ही तिच्या पायांशी उभे. आता तिचं ‘मागे’ म्हणजे जमिनीकडे, आणि तिचं ‘खाली’ म्हणजे तुमच्या पोटाकडे. पाठ केलेले शब्द तसेच लावले तर हात भलतीकडे जातो. पीव्ही (योनीतून बोटांनी तपासणी) करताना बोटं सरळ आडवी घातली तर ती सिम्फिसिसच्या मागे अडकतात, बाईला दुखतं, पिशवीचं तोंड (सर्व्हिक्स) सापडत नाही आणि ‘सर्व्हिक्स फार मागे आहे’ असं लिहून मोकळं होता येतं. बोटं आधी जमिनीकडे, सेक्रमच्या खोबणीकडे वळवायची. व्हेंटूजची (डोक्याला चिकटवून बाळ ओढायच्या कपाची) ओढसुद्धा डोकं वर असेपर्यंत जमिनीकडे झुकलेली, डोकं पेरिनियमवर आलं की आडवी, ऑक्सिपुट (डोक्याचा मागचा भाग) सिम्फिसिसखालून निसटताना वरच्या दिशेने. पहिल्या क्षणापासून आडवं ओढलं तर डोकं सिम्फिसिसवर दाबलं जातं आणि कप सुटतो. व्हेंटूज तुम्हाला आत्ता कोणी लावू देणार नाही, देऊही नये, पण ओढ कुठल्या दिशेला चालली आहे हे बघता आलं पाहिजे.

डाव्या-उजव्याचंही तेच. तिची डावी बाजू तुमच्या उजव्या हाताला. एलओएमध्ये (ऑक्सिपुट तिच्या डावीकडे, पुढे) ऑक्सिपुट तुम्हाला घड्याळाच्या एक-दोनच्या जागी लागतं, आरओपीमध्ये (उजवीकडे, मागे) सात-आठच्या. वहीत आकृती काढताना प्रत्येक वेळी कोपऱ्यात ‘मी पायांशी’ असं लिहा. बालिश वाटेल, तरी लिहा. यूट्यूबवरच्या फिरत्या थ्रीडी व्हिडिओंबद्दल माझं मत फार वाईट आहे. कॅमेरा बाईभोवती गिरक्या घेतो, आपल्याला सगळं समजल्यासारखं वाटतं आणि टेबलापाशी उभं राहिलं की काहीच आठवत नाही. एक बाहुली, एक हाड आणि रात्रपाळीच्या जुन्या सिस्टर एवढं पुरतं. सिस्टरांना ‘बोट कुठल्या दिशेला घालता ते दाखवता का?’ असं नीट विचारा, त्या दाखवतात.

आकड्यांचा तक्ता सगळ्यांना येतो: ब्रिमला ११-१२-१३ (पुढून-मागे, तिरका, आडवा, सेंमीत), कॅव्हिटीत सगळीकडे १२, आउटलेटला १३-१२-११. शॉर्टकट म्हणून छान आहे, पण सगळ्यात अरुंद जागा त्यात दिसतच नाही. दोन इस्कियल स्पाइनमधलं अंतर १० ते १०.५ सेंमीच असतं. डोकं अडकतं ते पुष्कळदा इथेच, आणि स्टेशनचा (डोकं किती खाली आलं ते सांगणाऱ्या मोजमापाचा) शून्यही इथलाच. ब्रिम आडवा रुंद म्हणून डोकं बहुधा आडवं शिरतं. खाली पुढून-मागून जागा जास्त, कारण माकडहाड मागे सरकतं, म्हणून डोकं आतच फिरतं. फिरवायला लिव्हेटर अ‍ॅनायची (तळाच्या स्नायूची) उतरती झोळी मदत करते. हनुवटी छातीला टेकली असेल तर पुढे येणारा व्यास ९.५ सेंमी, मान सैल असेल तर ११.५, आणि ब्रो (कपाळ पुढे) असेल तर १३.५ ते १४. शेवटच्या आकड्याला या रस्त्यात कुठेच जागा नाही. हे कळलं की तक्ता घोकावा लागत नाही.

डायगोनल आणि ऑब्स्टेट्रिक कॉन्जुगेट (सिम्फिसिस ते प्रोमॉन्टरी अंतरं) यांमधला फरक मात्र चोख हवा. हाताने मोजता येतो तो डायगोनल: सिम्फिसिसच्या खालच्या कडेपासून प्रोमॉन्टरीपर्यंत, साधारण १२ सेंमी. त्यातून १.५ ते २ वजा केले की ऑब्स्टेट्रिक कॉन्जुगेट, म्हणजे डोक्याला खरी मिळणारी जागा. ती थेट बोटाने मोजता येत नाही. तपासण्याआधी लघवी करून यायला सांगा. आपल्या मधल्या बोटाच्या टोकापासून अंगठ्याच्या मुळापर्यंतचं अंतर एकदा पट्टीने मोजून ठेवा. प्रोमॉन्टरीला बोट पोचलंच नाही तर घाबरू नका, बहुतेक वेळा ती चांगली बातमी असते. उगाच रेटून पोचायचा प्रयत्न करू नका. डोकं एंगेज झालेलं (सगळ्यात रुंद भाग ब्रिममधून खाली गेलेलं) असेल तर तो प्रश्नच येत नाही.

आता सगळ्यात धोक्याची चूक. कळा खूप वेळ चालल्या की डोक्यावर कॅपट (सूज) येतं, कवटीची हाडं एकमेकांवर चढतात (मोल्डिंग). बोटाला डोकं प्लस वनला (स्पाइनच्या खाली) लागतं आणि सगळे खूश होतात. प्रत्यक्षात खाली आलेली असते ती सूज. डोकं वरच असतं. म्हणून पीव्हीच्या आधी पोट. सिम्फिसिसच्या वर डोक्याचे पाचातले किती भाग हाताला लागतात ते बघा. दोन किंवा कमी लागले तर एंगेज झालं म्हणायला हरकत नाही. पोटावर तीन लागतायत आणि आत प्लस वन, तर पोटावर विश्वास ठेवा. शिवणी नुसत्या टेकल्यात, चढल्यात पण दाबल्यावर सुटतात, की चढून घट्ट बसल्यात, हे एक-दोन-तीन असं लिहा. तीन असेल, लघवी लालसर येत असेल, पोटावर आडवी खाच दिसत असेल तर तिथेच सीनियरना बोलवा. कळा वाढवणाऱ्या ऑक्सिटोसिनचा ड्रिप चालू असेल तर ‘मॅडम, ड्रिप बंद करू का?’ हा प्रश्न त्याच वाक्यात विचारा. कॅपटमुळे टाळू सापडत नसेल तर कान शोधा, पाळीची मोकळी कड ऑक्सिपुटकडे असते.

इतकं वाचून प्रत्येक बाईचा पेल्विस मोजायला धावू नका. निरोगी बाई कळा घेऊन दाखल झाली की सरसकट क्लिनिकल पेल्विमेट्री (हाताने पेल्विस मोजणं) करू नये, असं डब्ल्यूएचओच्या २०१८ च्या सूचना सांगतात. उंची १४० सेंमीपेक्षा कमी असली तर लक्ष जास्त ठेवायचं, पण तेवढ्यावर ‘सीपीडी’ (डोक्याला पेल्विस अपुरा) लिहायचं नाही. डोकं वाकतं, हाडं सरकतात, सांधे गरोदरपणात सैल होतात, कळांचा जोरही असतो. यातलं काही हाडावर दिसत नाही. गायनेकॉइड, अँड्रॉइड वगैरे आकारांची कॅल्डवेल-मोलॉयची १९३३ ची विभागणी परीक्षेपुरती ठीक. प्रत्यक्षात मिश्र आकारच भेटतात. उताणं झोपल्यावर वजन सेक्रमवर येतं आणि माकडहाडाला मागे सरकायला जागा उरत नाही. कुशीवर किंवा उकिडवं बसल्यावर ती मिळते. सोय असेल तिथे बाईला विचारून बघा.

एका बाईवर चार विद्यार्थ्यांनी ओळीने पीव्ही करणं बंद करा. कोणी करायला सांगितलं तरी. पहिल्या टप्प्यात नेहमीच्या बाळंतपणात चार तासांनी एक तपासणी पुरते, प्रत्येक जादा हाताबरोबर जंतू जातात. आधी ‘ताई, तपासू का?’ असं विचारा, कळ चालू असेल तर थांबा, आणि एकदा हात घातलात की सगळं एकदमच बघून घ्या. केसपेपरवर क्रम असा ठेवा: वेळ, पोटावर किती भाग, पिशवीचं तोंड किती सेंमी, पाण्याचा रंग, पोझिशन, स्टेशन, कॅपट, मोल्डिंग. स्टेशनच्या शेजारी पोटावरचा आकडा नसेल तर ती नोंद अर्धवट समजा आणि पोट परत तपासा. पीव्ही परत करू नका.