रोज सोलापूर-धाराशिव, सुट्टीत उजनीचा काठ: दोन्हीला एकच गाडी कशी निवडावी

मी धाराशिवला अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते आणि राहते जुळे सोलापुरात. पहाटे सहाला निघायचं, तुळजापूरचा घाट चढायचा, पावणेआठला वर्गात उभं राहायचं. जाऊन-येऊन १३५ किलोमीटर. सुट्ट्या वजा केल्या तरी वर्षाला ३०,००० च्या घरात. आणि महिन्यातून एकदा मी, नवरा, मुलगा आणि सासूबाई तंबू घेऊन बाहेर पडतो. कधी उजनीच्या फुगवट्याकाठी, कधी बालाघाटच्या माळावर, कधी नळदुर्गच्या अलीकडे ओळखीच्यांच्या रानात. ही दोन्ही कामं करणारी गाडी शोधायला मला दीड वर्ष लागलं. तुम्हाला तेवढं लागू नये म्हणून हे लिहितेय.

शोरूममध्ये जायच्या आधी वही करा. मी वर्षभर प्रत्येक मुक्कामाला लिहून ठेवलं: डांबर किती, मुरूम किती, काळी माती किती आणि गाडी कुठे अडली. बारा मुक्कामांपैकी आठ ठिकाणी आमची जुनी, पुढची चाकं ओढणारी छोटी गाडी आरामात पोचली. तीन ठिकाणी फोर व्हील ड्राइव्ह असती तर बरं झालं असतं. आणि एका ठिकाणी कुठलीच गाडी न्यायला नको होती.

ते ठिकाण उजनीचं. मे महिना होता, पाणी मागे हटलेलं. वर भेगाळलेली, टणक दिसणारी जमीन. मी पाण्याजवळ तंबू लावायचा म्हणून गाडी पुढे घातली आणि वीस पावलांत चारही चाकं गाळात बसली. शेजारच्या रानातले काका ट्रॅक्टर घेऊन आले, पण त्यांनी ट्रॅक्टर गाळात उतरवला नाही. मुरमाच्या कडेला उभा केला आणि तिथून लांब दोर टाकला. म्हणाले, "ताई, पापुद्रा बघून गाडी घालू नगा. भाकरीवानी वरनं फुगतंय, आत समदं वलं ऱ्हातंय." इकडचा ट्रॅक्टरवालाही आधी जमीन बघतो आणि मग उतरतो. गाडी निवडताना हेच डोक्यात ठेवा. गाडी निवडायची ती आधी रोजच्या रस्त्यासाठी, मग आपल्या मातीसाठी. डोंगरकड्यावर चढणाऱ्या गाडीच्या जाहिराती पाहून निवडायची नाही.

रोजच्या रस्त्याचा हिशेब आधी. ३०,००० किलोमीटरला १२ चं ॲव्हरेज देणारी गाडी २,५०० लिटर पिते, १६ चं देणारी १,८७५ लिटर. फरक ६२५ लिटरचा. लिटरला शंभर रुपये धरा, वर्षाला साडेबासष्ट हजार होतात. पाच वर्षांत तीन लाखांवर. दर १०,००० किलोमीटरला सर्व्हिसिंग धरलं तर वर्षाला तीन. त्यामुळे सर्व्हिस सेंटर घराजवळ किंवा कॉलेजजवळ आहे का, हे मी रंगाच्याही आधी विचारलं.

एवढं रनिंग असेल तर डिझेलच घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सहा डिझेल गाड्यांत धुरातली काजळी पकडणारा फिल्टर असतो, त्याला डीपीएफ म्हणतात. तो साफ व्हायला गाडी सलग, गरम होऊन पळावी लागते. नुसत्या गावातल्या गावात फिरणाऱ्या डिझेल गाडीचा हा फिल्टर तुंबतो आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो. आपली रोज तासभर हायवेवर पळते, म्हणजे फिल्टरला हवं ते आपोआप मिळतं. शिवाय कमी आरपीएमला, म्हणजे इंजिन हळू फिरत असतानाही, जास्त टॉर्क (चाक फिरवायचा जोर) मिळतो, तो घाटातही उपयोगी आणि मुरमाच्या चढावरही.

इलेक्ट्रिकचा विचार मी केला होता. १३५ किलोमीटर हे अंतर तिला सोपं आहे आणि दोन मोटरवर चारही चाकं फिरवणारी हॅरियर ईव्ही २०२५ मध्ये आली आहे. पण आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट नाही. तुमच्याकडे असेल तर नक्की चालवून बघा.

टेस्ट ड्राइव्ह दोनदा मागा. पहिली एप्रिलमधल्या दुपारी दोनला. सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा तासभर उन्हात उभी केलेली गाडी किती मिनिटांत गार होते आणि मागच्या सीटवर हवा पोचते का, हे बघा. दुसरी रात्री. ऊस पडायला लागला की रस्त्यावर बिनरिफ्लेक्टरच्या जोड-ट्रॉल्या असतात, बैलगाड्या असतात. मागे दिवा नाही, काही नाही. हेडलाइट कसे आहेत, हा माझ्यासाठी जिवाचा प्रश्न आहे, म्हणून मी अंधारात चालवल्याशिवाय गाडी पसंत केली नाही. भारत एनकॅपचे क्रॅश टेस्टचे निकाल ऑक्टोबर २०२३ नंतर आपल्याकडेच मिळू लागलेत, तेही पाहा.

आणि घरातल्या सगळ्यात ज्येष्ठ माणसाला शोरूमला न्या. सासूबाईंचे गुडघे दुखतात. एका उंच गाडीत त्यांना दोघांनी धरून चढवावं लागलं. ती गाडी मला फार आवडली होती, पण मी तिथेच सोडून दिली.

आता कच्च्याचं. इथे मुलांना शिकवते तसंच सांगते. इंजिनाचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणारा भाग म्हणजे डिफरन्शियल. साध्या गाडीच्या डिफरन्शियलची खोड अशी, की ज्या चाकाला पकड नाही ते गरगर फिरतं आणि पकड असलेल्या चाकाला जोर मिळत नाही. म्हणून नुसतं फोर बाय फोर, म्हणजे फोर व्हील ड्राइव्ह आहे, म्हणून भागत नाही. एक चाक हवेत गेलं तर ही गाडी काय करते, हे सेल्समनला विचारा. काही गाड्या फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसरीकडे ढकलतात, काहींत दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा लॉक असतो. फोर्स गुरखाला पुढे आणि मागे दोन्हीकडे लॉक आहेत. दुसरं म्हणजे फोर-लो, चारही चाकांसाठीचा जास्तीचा हळू गिअर. त्यात इंजिनाचा जोर चाकापर्यंत दोन-अडीच पट होऊन पोचतो आणि गाडी माणसाच्या चालीने सरकते. ग्रँड व्हिटारासारख्या गाड्यांत चारही चाकं फिरतात पण फोर-लो नसतो. ओल्या मुरमाला, सैल वाळूला ती पुरते, ओढ्याच्या दगडांतून चढायला नाही.

ग्राउंड क्लिअरन्सचा, म्हणजे गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच त्याचा, आकडा सगळे सांगतात, जिम्नीचा २१० मिलिमीटर, तीन दारांच्या थारचा २२६. पण आपल्याकडे गाडी अडते ती बांधावर. लांब गाडीची पुढची चाकं बांध ओलांडून जातात आणि पोट टेकतं. ओढ्यात उतरताना बंपर आधी घासतो. म्हणून पुढच्या चाकापुढे बंपर किती लोंबतोय आणि पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर किती आहे, हे खाली वाकून डोळ्यांनी बघा.

पाण्याचंही तसंच. थार ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते, असं कंपनी सांगते. पण आकडा साचलेल्या पाण्याचा आहे, वाहत्याचा नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला तेव्हा आपण सगळ्यांनीच पाण्याचा जोर पाहिला. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर कितीही मोठी गाडी असो, अलीकडेच थांबायचं.

माझ्या यादीत शेवटी तीन राहिल्या. जिम्नी जमिनीवर उत्तम, वजनाला हलकी, फोर-लो आहे. पण टाकी ४० लिटरची, म्हणजे मला दर चार दिवसांनी पंपावर जावं लागलं असतं, आणि मागे सामानाला २०८ लिटर. चौघांचा तंबू, चार सोलापुरी चादरी, पाण्याचे दोन कॅन आणि कडक भाकरीचा डबा त्यात बसत नाही. एकटे किंवा दोघंच जाणार असाल आणि रनिंग कमी असेल तर मी तिचीच शिफारस करेन. थार रॉक्सचं सगळं पटलं होतं, पण फोर बाय फोरचं बजेट बसलं नाही. मी स्कॉर्पिओ-एन डिझेल, फोर बाय फोर, मॅन्युअल घेतली, तीही दोन वर्षं वापरलेली. ८० च्या पुढे न जाता मला १४ च्या आसपास देते. ८० ऐवजी १०० ने गेलात तर हवेचा अडथळा दीडपटीहून जास्त होतो, आणि असल्या चौकोनी गाडीला तो फार भोवतो. छतावरचा कॅरिअरही म्हणूनच रविवारी रात्री उतरवून ठेवते.

सेकंडहँड घेताना गाडी लिफ्टवर चढवून खालून बघा. चासीला वेल्डिंग केलंय का, ट्रान्सफर केसमधून (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणाऱ्या पेटीतून) ऑइल गळतंय का, आणि फोर-लो प्रत्यक्ष पडतो का. कित्येक मालकांनी तो कधी टाकलेलाच नसतो.

टायर रोजच्या रस्त्याचे हवेत का रानाचे, यावर मी बराच विचार केला. मोठ्या खाचांचे मड टायर हायवेवर घोंघावतात, ॲव्हरेज खातात आणि ओल्या डांबरावर ब्रेक लांबवतात. मी ऑल-टेरेन, म्हणजे रस्ता आणि रान दोन्हीला चालणारे, लावले, कंपनीच्याच मापाचे. मोठे टायर, उंच सस्पेन्शन करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत बदल चालत नाहीत, आणि अपघात झाल्यावर विमा कंपनी नेमकं त्यावर बोट ठेवू शकते. लोखंडी बुलबारवर तर २०१७ पासून बंदीच आहे. त्या पैशातून हवा भरायचा छोटा कंप्रेसर, जाड टो-पट्टा आणि एक फावडं घ्या. वाळूत हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवली की टायर पसरतो आणि गाडी निघते. डांबरावर येण्याआधी मात्र परत भरायची.

माळावर नेताना गाडी चाकोरीतूनच न्या, गवतात टिटव्या, चंडोल अंडी घालतात. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात मुक्कामाचा विचारच करू नका. रान कुणाचं असेल त्याला विचारून जा.

पावसाळ्यात काळ्या रानाच्या तोंडाशी आलात की गाडी बंद करा आणि खाली उतरा. वीतभर खोलवरून मूठभर माती घ्या, दाबून लाडू करा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडा. फुटून भुगा झाला तर वाफसा आलाय, म्हणजे जास्तीचं पाणी निथळलंय, हळूच आत घाला. नुसता चपटा झाला किंवा बोटांना चिकटला, तर गाडी डांबराच्या कडेला लावा आणि तंबू डोक्यावर घेऊन चालत जा. आम्ही मागच्या श्रावणात अर्धा किलोमीटर असेच गेलो, सासूबाईंसकट.