आपली काळी माती घरच्या घरी कशी तपासायची

भाऊ, मोबाईलवर ज्वालामुखीच्या राखेच्या मातीचे व्हिडिओ बघून तसाच खताचा डोस आपल्या शेतात टाकू नका. ती माती हातात घेतली की हलकी, भुसभुशीत लागते आणि स्फुरद (फॉस्फरस) घट्ट धरून ठेवते. आपली तापी खोऱ्यातली काळी राखेची नाहीच, ती साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनली, म्हणून चोपडा-यावलकडं उन्हाळ्यात अख्खा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात तीच माती फुगून बुटाला किलोकिलोनं चिकटते.

आता तपासायचं कसं? मूठभर माती ओली करून मळा आणि अंगठ्यानं दाबत पट्टी काढा, पाच सेंटीमीटरच्या वर न तुटता निघाली तर चिकणमाती भरपूर आहे समजा. मग कोरड्या ढेकळावर व्हिनेगर टाका, फसफसलं तर चुना आहे, आणि अशा जमिनीत लोह-जस्त असूनही पिकाला मिळत नाही, नवी पानं पिवळी पडतात ती त्यामुळंच बऱ्याचदा.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाफसा, म्हणजे मशागतीला योग्य एवढीच ओल. मातीचा गोळा करून कमरेएवढ्या उंचीवरून सोडा, फुटून विखुरला तरच औत घाला, नुसता चपटा झाला तर थांबा, ओल्यात ट्रॅक्टर घातला की खाली तवा, म्हणजे दाबलेला कडक थर, बसतो आणि कपाशीची मुळं तिथंच अडतात.

लॅबला नमुना द्यायचा तर बांध, झाड, उकिरडा सोडून आठ-दहा ठिकाणची वीतभर खोल माती घ्या, सावलीत वाळवा, अर्धा किलो पुरते.