सोलापूरहून बाहेर निघालात? फुकट वायफायचं आधी वाचा

सप्टेंबर आला की आपल्याकडची नवीन पोरं जर्मनीत उतरायला लागतात, आणि त्यातल्या निम्म्यांचा पहिला प्रश्न हाच असतो की दादा इथं फ्री वायफाय कुठं मिळतं. शेंगाचटणी, कडक भाकरी, कुकर सगळं वजन करकरून बॅगेत बसवलेलं असतं, नेटची सोय मात्र कुणीच केलेली नसते. म्हणून लिहितोय.

ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्येच उतरवायचं सिम, सोलापुरात असतानाच टाकून घ्या. ते टाकायलाच नेट लागतं, त्यामुळे "उतरल्यावर बघू" चालत नाही. इथं प्रीपेड सिमला २०१७ पासून पासपोर्ट दाखवून ओळख पटवावी लागते, कधी ते व्हिडिओ कॉलवर होतं, कधी दुकानात, आणि रविवारी उतरलात तर गावातली दुकानंच बंद. मग दोन दिवस पोरगा स्टेशनच्या वायफायवर जगतो, आणि घोळ होतात ते ह्याच दोन दिवसांत. भारतातलं सिम फोनमध्ये चालू ठेवा पण त्याचा डेटा बंद, फक्त मेसेज येण्यापुरतं. लॅपटॉपला नेट पाहिजे असेल तर आपल्याच फोनचा हॉटस्पॉट द्या.

आता मुख्य गोष्ट, ही दोनदा वाचा. जुळे सोलापुरातला एक मुलगा इकडं येताना मधल्या एका विमानतळावर चार-पाच तास अडकून बसला होता. फोनवर बिनपासवर्डचं एक वायफाय दिसलं, नावात विमानतळ आणि फ्री दोन्ही, जोडलं. लगेच एक पान उघडलं, वर लोगो वगैरे झकास, आणि खाली लिहिलेलं की व्हेरिफिकेशनसाठी कार्ड नंबर टाका, पैसे कापले जाणार नाहीत. ह्याच्याकडं वडिलांचं कार्ड, टाकला नंबर. ओटीपी गेला सोलापूरला वडिलांच्या मोबाईलवर, तिकडं मध्यरात्र, तर ह्यानं फुकट नेटसाठी रोमिंगवर महागडा फोन लावून त्यांना उठवलं आणि त्यांनी झोपेतच आकडे वाचून दाखवले. मेसेजमध्ये रक्कम लिहिलेली होती, कुठल्या दुकानाला जाते तेही होतं, दोघांपैकी एकानंही वाचलं नाही. सत्तर हजाराच्या आसपास गेले. पोरगा कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, हे मुद्दाम सांगतो.

वायफायचं नाव कुणीही काहीही ठेवू शकतं ओ. शेजारी बसलेला माणूस बॅगेत एक छोटं यंत्र ठेवून त्याच विमानतळाच्या नावानं वायफाय सोडू शकतो, आणि तुमच्या फोनला नावापलीकडं काही कळत नाही. २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियात पोलिसांनी एका माणसावर असलेच आरोप ठेवले, पर्थ, मेलबर्न, ॲडलेडच्या विमानतळांवर आणि चक्क उडत्या विमानात खोटं वायफाय लावून लोकांचे ईमेल आणि सोशल मीडियाचे पासवर्ड गोळा करायचा. एअरलाइनच्याच स्टाफला शंका आली म्हणून सापडला. तेव्हा वायफायच्या पानावर कार्ड नंबर, ओटीपी, जीमेल-फेसबुकचा पासवर्ड ह्यातलं काहीही टाकायचं नाही. "अटी मान्य" बटन दाबा, फार तर एखादा कमी वापरातला ईमेल द्या, त्यापेक्षा जास्त काही मागितलं की उठायचं. आणि काम झालं की ते नेटवर्क फोनमधून काढून टाका, नाहीतर पुढं त्या नावाचं कुठलंही वायफाय दिसलं की फोन आपणहून जाऊन चिकटतो.

बाकी "वायफायवर कुणीतरी आपले मेसेज वाचतंय" ही भीती आता बरीच जुनी झाली. २०१० मध्ये खरंच वाईट दिवस होते, फायरशीप नावाचं एक ॲड-ऑन ब्राउझरला लावलं की कॅफेत पलीकडं बसलेल्याचं फेसबुक उघडता यायचं. नंतर बहुतेक साइट एचटीटीपीएसवर गेल्या, म्हणजे फोन आणि साइटमधली माहिती कुलूपबंद होऊन जायला लागली, त्यामुळे आज वायफायवाल्याला तुम्ही कुठल्या साइटवर गेलात एवढं कळतं, आत काय केलंत ते नाही. पण ब्राउझर साइटच्या सर्टिफिकेटबद्दल (साइट खरी असल्याचा दाखला) लाल इशारा देत असेल तर "तरीही पुढे जा" दाबू नका. हॉटेलच्या वायफायवर अचानक काही अपडेट करा म्हणून आलं तर करू नका, डार्कहोटेल म्हणून टोळी ह्याच वाटेनं लोकांच्या लॅपटॉपमध्ये शिरत होती, २०१४ मध्ये ते उघडकीला आलं.

इथल्या आपल्या लोकांचं एक सांगतो. मंडळाच्या गणपतीत भेटले की प्रत्येकजण व्हीपीएनचा, म्हणजे आपलं नेट दुसऱ्याच्या सर्व्हरमधून फिरवून नेणाऱ्या ॲपचा तज्ज्ञ, आणि फोनमध्ये बघावं तर कुठलं तरी फुकटचं ॲप. तुमचा सगळा ट्रॅफिक त्या ॲपवाल्याच्या हातातून जातो, आणि तो पैसे घेत नाही म्हणजे कमाई दुसरीकडून करतोय. घ्यायचं तर विकत घ्या, पण खोट्या पानावर तुम्ही स्वतःच कार्ड नंबर टाकलात तर कुठलंही व्हीपीएन वाचवणार नाही. दुबईमार्गे जाणाऱ्यांनो, तिथं व्हीपीएन लावून गैरकाम केलं तर दंड लाखो दिरहममध्ये आहे.

युनिव्हर्सिटीत एज्युरोम, म्हणजे युनिव्हर्सिट्यांचं सामायिक वायफाय, मिळेल, ते चांगलं आहे, युरोपभर चालतं, फक्त सेटिंग युनिव्हर्सिटीनं दिलेल्या ॲपनंच करा, मित्राचं बघून हातानं नको. इथलं सिम मिळाल्यावर युरोपियन युनियनमध्ये फिरताना २०१७ पासून वेगळं रोमिंग लागत नाही. स्वित्झर्लंड त्यात येत नाही. ट्रिपला जाताना हे हमखास विसरतात आणि मग आल्प्सच्या पायथ्याला कॅफे-कॅफे वायफाय शोधत फिरतात.

आता घरचं. वडिलांचं कार्ड घेऊन निघू नका, स्वतःचं खातं, स्वतःचा नंबर, रोमिंग चालू करून. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे २०२० पासून कार्डावर ऑनलाइन आणि परदेशातले व्यवहार चालू-बंद करता येतात, लिमिटही ठेवता येतं, ते बँकेच्या ॲपमध्ये बसून करून घ्या, निघायच्या आदल्या रात्री नाही. आईवडिलांना सांगून ठेवा की माझा आवाज असला, मी रडत असलो तरी ओटीपी वाचून दाखवायचा नाही. कारण ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच, रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियमच आहे तसा. म्हणून कार्ड आधी ब्लॉक करायचं, रडारड नंतर. आणि सायबर फसवणुकीचा १९३० हा नंबर घरच्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून निघा, तो सोलापुरातून त्यांनीच लावायचाय, तुम्ही तेव्हा बहुतेक पुढच्या विमानात फोन बंद करून बसलेले असाल.