चियांग माईला शिकायला येताय? आधी डोंगर दिसतो का ते बघा

खोली बघायला गेलात की भाडं विचारायच्या आधी पश्चिमेची खिडकी उघडा. दोय सुथेप डोंगर दिसला पाहिजे. मी दोन वर्षं उत्तर थायलंडमधल्या चियांग माई विद्यापीठात एम.ए.ला होते. 1964 साली सुरू झालेलं हे विद्यापीठ त्याच डोंगराच्या पायथ्याशी आहे. नव्या शहरात दिशा कळते ती त्याच्यावरून, आणि हवा कशी आहे तेही त्याच्यावरूनच कळतं. त्याबद्दल पुढे सांगते.

निम्मानहेमिन रस्त्याच्या आसपास खोल्या महाग मिळतात. विद्यापीठाच्या मागच्या बाजूला, सुथेप रस्त्याला लागून विद्यार्थ्यांना परवडतील अशा इमारती आहेत. विजेचा दर युनिटमागे किती लावणार, हे करार करण्याआधीच विचारा. बरेच मालक सरकारी दरापेक्षा जास्त घेतात आणि उन्हाळ्यात एसीचं बिल डोळ्यांत पाणी आणतं.

कागदपत्रांत हयगय नको. विद्यार्थी व्हिसाचा अर्ज आता थायलंडच्या ई-व्हिसा संकेतस्थळावर ऑनलाइन करायचा असतो. थायलंडला पोचल्यावर दर 90 दिवसांनी पत्ता कळवावा लागतो. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सुट्टीत घरी येण्याआधी री-एंट्री परमिट घ्या. माझी एक वर्गमैत्रीण गणपतीला परमिट न घेता घरी गेली आणि तिचा व्हिसाच रद्द झाला. सगळी प्रक्रिया पुन्हा पहिल्यापासून करावी लागली, अर्धं सत्र हातचं गेलं. स्कूटर भाड्याने घेणार असाल तर आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढूनच निघा. रस्त्यावर तपासणी होते.

थाई शिका, अगदी पहिल्या आठवड्यापासून. लिपी अवघड वाटते, पण शब्दांत ओळखीचे चेहरे भेटतात. वेळेला ‘वेला’, भाषेला ‘फासा’, जेवणाला ‘आहान’. मंगळवार म्हणजे ‘वान अंगखान’. अंगारकीचा उपास धरणाऱ्या घरातल्या मला तो शब्द पाठ करावा लागलाच नाही. उत्तरेची आपली वेगळी बोली आहे, काम म्युआंग. बाजारातल्या मावशींचे आभार मानताना थाई ‘खॉप खुन खा’ऐवजी ‘यिनदी चाव’ म्हटलं की त्यांचा चेहरा खुलतो, आणि मुठीएवढा चिकट भात जास्तीचा मिळतो.

शाकाहारी असाल तर ‘चे’ हा शब्द लक्षात ठेवा. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरांत तो लिहिलेला असतो. त्या जेवणात मांस, मासे, अंडी नाहीतच, शिवाय कांदा-लसूणही नाही. त्यांचा नऊ दिवसांचा ‘चे’ उत्सव बहुतेकदा आपल्या नवरात्रातच येतो. मांसाहारी लोकांनी खाओ सोई खावी: नारळाच्या दुधातला रस्सा, अंड्याच्या शेवया, वर तळलेल्या कुरकुरीत शेवया, बाजूला मोहरीच्या पाल्याचं लोणचं.

फिरायला घाई करू नका. राजा मंगरायने 1296 मध्ये वसवलेलं जुनं शहर खंदकाच्या चौकोनात आहे, ते पायीच बघायचं. सुथेपवरच्या मंदिराकडे लाल सोंगथ्याव (शेअर गाड्या) जातात, पण विद्यापीठामागून वात फा लात मंदिराकडे जाणारी जंगलवाट निवडा. झाडांना बांधलेल्या भगव्या चिंध्या रस्ता दाखवतात. नवे विद्यार्थी दर वर्षी मिळून पायी हा डोंगर चढतात, तो दिवस चुकवू नका. वर जाणारा गाडीरस्ता 1935 मध्ये लोकांनी श्रमदानाने पुरा केला. ख्रूबा सीविचाय या भिक्षूंनी त्यांना हाक दिली होती. पायथ्याशी त्यांच्या पुतळ्याला लोक आजही हार घालतात.

आता धुराबद्दल. फेब्रुवारी ते एप्रिल शेतातली खुंटं आणि जंगल जळत असतं, सीमेपलीकडूनही धूर येतो. शहर खोऱ्यात असल्यामुळे तो वर न जाता तिथेच कोंडतो. सुथेप आधी निळा होतो, मग राखाडी, मग दिसेनासा. तो दिसेना की एन-95 मास्क लावायचा. एअर प्युरिफायर जानेवारीतच घ्या, नंतर दुकानात मिळत नाहीत. दमा असेल तर हे महिने दुसरीकडे काढता येतील का, हे मार्गदर्शकांशी आधीच बोलून ठेवा.

माझं क्षेत्रकाम मे चेममध्ये होतं, दोय इंथानोन डोंगराच्या पलीकडे. तिथल्या चढावांवर कोंबड्या-डुकरांच्या खाद्यासाठी मका पिकतो. अशा उतारावर ट्रॅक्टर चालत नाही, मजुरी परवडत नाही, मग काडी लावणं हाच स्वस्त उपाय उरतो. शहरात या शेतकऱ्यांना सर्रास दोष देतात. मी त्यांच्या घरी राहिले, त्यांची मुलं रात्रभर खोकताना ऐकली. धुराचा पहिला घास तीच मुलं घेतात. तुमचा विषय कुठलाही असो, एकदा त्या डोंगरांत राहून या.

मग एप्रिल-मेमध्ये एखाद्या दुपारी वळीव येतो. त्या रात्री खिडकीतून सुथेपवरच्या मंदिराचे दिवे पुन्हा दिसतात.