चक्कर घेताना चक्कर येऊ नये म्हणून

कथकमधली एका पायाची चक्कर डाव्या टाचेवर, उजव्या पायाने पाऊल टाकत, डावीकडे वळत घेतात. टाचेवरच का? चवडा किंचित उचलला की जमिनीला टेकतो तो जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर त्रिज्येचा भाग. घर्षणाला तरफ मिळत नाही. तळवा टेकला की तेच घर्षण टाचेपासून पंधरा-वीस सेंटिमीटरवर ओढायला लागतं, चक्कर मध्येच अडकते आणि पीळ गुडघ्यात बसतो.

जमिनीवर खडूने ३० सेंमी व्यासाचं वर्तुळ काढा, मधोमध फुली. टाच फुलीवर. समोरच्या भिंतीवर डोळ्यांच्या उंचीला कागदाची टिकली चिकटवा. मेट्रोनोम (लयीचे ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर लावा, मात्रेला म्हणजे प्रत्येक ठोक्याला एक चक्कर. धड वळू लागलं तरी नजर टिकलीवरच. मान पुरेना झाली की डोकं झटक्यात फिरवून धडाच्या आधी टिकलीवर परत आणा.

हात पसरून उचल घ्या, मग छातीपाशी आणा. पसरलेला पंजा अक्षापासून ७० सेंमीवर असेल आणि तो ३५ वर आला, तर अंतर निम्मं होतं, पण जडत्व आघूर्णातला (फिरण्याचा वेग बदलायला होणाऱ्या विरोधातला) पंजाचा वाटा एक चतुर्थांश उरतो. म्हणून हात झटकन मिटले की वेग वाढतो आणि लय पळते. पहिल्या चकरेतच मिटा, पुढे हलवू नका.

आठ चकरांनंतर टाच कुठे आहे ते बघा. पुढे सरकली असेल तर वजन चवड्याकडे झुकतंय. उजवीकडे गेली तर उजवा पाय लांब पडतोय, हीच चूक सर्वांत जास्त दिसते. फोनवर सेकंदाला २४० फ्रेमचं स्लो मोशन घेतलं तर ६० च्या लयीत प्रत्येक चक्कर २४० फ्रेमची भरायला हवी. शेवटच्या चकरा २६० वर गेल्या तर दोष दमाचा नाही, टाच घासतेय.

आता गरगरणं. आतल्या कानाच्या अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव सुरुवातीला मागे राहतो, काही सेकंदांत नलिकेच्या वेगाला येतो. तीनतालचं १६ मात्रांचं आवर्तन या लयीत १६ सेकंदांचं. म्हणजे नेमकं समेवर, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, थांबता तेव्हा द्रव फिरतच असतो आणि खोली उलटी फिरू लागते. डोळे मिटू नका, टिकली पाच सेकंद धरून ठेवा. आधी ४ चकरा, त्या स्थिर झाल्यावर ८, मग १६. न फिरताही गरगरत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा.

डाव्या पायातले घुंगरू अक्षालगत असल्याने फारसे आड येत नाहीत. उजव्या पायातले मात्र दर पावलाला उचलावे लागतात. अंगरख्याचा घेर त्याहून खट्याळ: वजन अक्षापासून दूर, त्यामुळे तुम्ही थांबलात तरी तो फिरत राहतो आणि घोट्याला ओढतो. कार्यक्रमाआधीचा आठवडाभर तरी सराव त्याच पोशाखात करा.