गावाची लोकसंख्या वाढणार का घटणार? वयाच्या तक्त्यावरनं असं बघा

कट्ट्यावर हा वाद ठरलेलाच, एक म्हणतोय आता घरटी एक नायतर दोनच पोरं, दुसरा म्हणतोय मग गर्दी वाढतीयच कशी. दोघंबी बरोबर हायत, वय कुणी बघत नाय एवढंच.

महाराष्ट्रात बाईमागं सरासरी १.७ मुलं (२०१९-२१ चा एनएफएचएस, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्व्हे) आणि लोकसंख्या जागेवर राहायला साधारण २.१ लागतात. तरी वाढ लगेच थांबत नाय, कारण आधी घरात चार-पाच पोरं असायची, त्यांच्या लेकी-नाती आता आई व्हायच्या वयात हायत, म्हणजे प्रत्येकीला पोरं कमी पण आयाच जास्त. वर राधानगरीत पाऊस थांबला तरी खाली कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी चढतच असतंय, तसलाच विषय. जपानात जन्मदर १९७० च्या दशकातच खाली गेला, लोकसंख्या घटायला लागली तीसेक वर्षांनी.

आता हिशोब. जनगणनेच्या साइटवरनं २०११ चा सी-१४ तक्ता काढा, त्यात जिल्ह्याचे पाच-पाच वर्षांचे वयोगट मिळतात. पुरुषांचा रकाना सोडून द्या. २०-३४ च्या बायकांची बेरीज करा आणि ५-१९ च्या मुलींची वेगळी करा, कारण ह्याच मुली २०२६ ला २०-३४ च्या होतात. समजा पहिली बेरीज ३०० आली आणि दुसरी २३०, तर बाईमागं पोरं तेवढीच धरली तरी जन्म जवळपास चौथाईनं कमी, ह्यात अंदाज फार थोडा, त्या मुली आधीच जन्मलेल्या हायत की.

वय सांगताना लोक ६०, ६५ असं गोल सांगतात, त्यामुळं तिथं आकडा फुगलेला दिसला तर घाबरू नका.

एकट्या गावाचा असा तक्ता मिळत नाय, जनगणनेत गावपातळीला फक्त ०-६ चा आकडा असतोय. मग अंगणवाडी ताईंचं रजिस्टर, शाळेची पटसंख्या आणि १८ च्या वर मतदार यादी, हे जोडून काम भागतंय.

आपल्या कोल्हापूर जिल्ह्याची खरी गोची मुलींची हाय. २०११ ला ०-६ वयात हजार मुलांमागं ८६३ च मुली होत्या, म्हणजे पुढच्या आयाच कमी, त्यामुळं इथं २.१ बी पुरत नाय, २.२ च्या आसपास लागतात. आणि चंदगड, आजरा, शाहूवाडीकडचं गाव असेल तर पुण्या-मुंबईला गेलेली तरणी पोरं-पोरी वजा करा, मतदार यादीत नाव असतंय पण घराला कुलूप.